‘रेल्वेला राजकारणातून हाकला’: कॅलिफोर्निया १९१० बद्दल तुमचे प्रश्न

गेल्या महिन्यात या सदरात पक्षांच्या उमेदवारीविषयी लिहिताना मी सहज एक वाक्य लिहिलं होतं: राज्य पातळीवरची एकच अमेरिकन निवडणूक अभ्यासायची असेल, तर १९१० सालची कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरपदाची अभ्यासा. सदर्न पॅसिफिक या रेल्वे कंपनीने तिथलं राजकारण खिशात घातलं होतं, आणि तिला राजकारणातून हाकलायचं म्हणून उभे राहिलेले रिपब्लिकन वकील हायरम जॉन्सन ती निवडणूक जिंकले. लेख राहिला बाजूला, त्या एका वाक्यावरच प्रश्नांचा ढीग आला. त्यातले काही निवडून आज उत्तरं देतो.

गव्हर्नर म्हणजे आपले राज्यपालच ना? मग त्यांची निवडणूक कशी होते? (अकरावीचा विद्यार्थी, लातूर)

नाव सारखं वाटतं, पण पद अगदी वेगळं आहे. आपल्या राज्यपालांना राष्ट्रपती नेमतात आणि रोजचा कारभार मुख्यमंत्री चालवतात. अमेरिकेत राज्याचा कारभार गव्हर्नरच चालवतो आणि त्याला राज्यातले मतदार थेट निवडतात. विधिमंडळात त्याच्या पक्षाचं बहुमत नसलं तरी त्याची खुर्ची हलत नाही. अविश्वास ठराव नावाची गोष्टच तिथे नाही. म्हणून मी इथे ‘राज्यपाल’ न म्हणता गव्हर्नरच म्हणतो.

चाळीस वर्षं रेल्वेत काढली. एक रेल्वे कंपनी अख्खं राज्य खिशात घालते हे पटत नाही. थोडं वाढवून सांगितलेलं वाटतं. (निवृत्त गार्ड, भुसावळ)

तुमच्या मनातली रेल्वे सरकारी आहे, म्हणून हे पटणं कठीण जातं. कॅलिफोर्नियातली सदर्न पॅसिफिक खासगी होती, आणि कित्येक दशकं बऱ्याचशा भागात माल बाहेर काढायला दुसरा मार्गच नव्हता. द्राक्षं, संत्री, गहू, लाकूड, सगळं तिच्याच डब्यांतून जायचं. भाडं किती लावायचं? गिऱ्हाइकाला जितकं सोसेल तितकं. पीक चांगलं आलं की भाडं वाढायचं. त्यातून रूळ टाकण्याच्या बदल्यात केंद्र सरकारने दिलेल्या जमिनींमुळे ती राज्यातली सर्वांत मोठी खासगी जमीनमालकही होती.

राजकारणाशी तिचं नातं जन्मापासूनचं. कंपनीच्या चार संस्थापकांपैकी लेलँड स्टॅनफर्ड १८६२-६३ मध्ये राज्याचे गव्हर्नर होते आणि त्याच वेळी रेल्वेचे अध्यक्षही. १८८० मध्ये मसल स्लू नावाच्या भागात जमिनीच्या दरावरून कंपनी आणि तिथे वसलेले शेतकरी यांच्यात गोळीबार झाला आणि सात माणसं मेली. शेतकऱ्यांचं म्हणणं होतं की आम्हाला एक दर सांगून बोलावलं आणि पडीक जमीन आम्ही कसल्यावर भलताच दर मागितला. या प्रकरणानंतर लोक कंपनीला ‘आठपायी’ म्हणजे ऑक्टोपस म्हणू लागले, आणि व्यंगचित्रांतही तो ऑक्टोपस कायमचा येऊन बसला.

तुम्ही विचाराल, सरकारने काहीच केलं नाही का? केलं. १८७९ च्या राज्यघटनेने भाडी ठरवायला तीन सदस्यांचा निवडून आलेला रेल्वे आयोग स्थापन केला. पण ते सदस्य निवडून कोण आणणार? कंपनीच. पुढची तीस वर्षं आयोग कागदावर राहिला.

यामागची यंत्रणा समजून घेण्यासारखी आहे. कंपनीचे मुख्य वकील विल्यम हेरिन सॅन फ्रान्सिस्कोतून राजकीय विभागच चालवत. जिल्ह्याजिल्ह्यात त्यांची माणसं होती, रिपब्लिकन पक्षात आणि डेमोक्रॅटिक पक्षातही. आमदार, न्यायाधीश, संपादक यांना फुकट प्रवासाचे पास मिळत. आणि मुख्य म्हणजे उमेदवार ठरत ते पक्षाच्या अधिवेशनात. तिथे मतदार नसायचे, प्रतिनिधी असायचे, आणि प्रतिनिधी हाताशी धरायला सोपे. १९०६ मध्ये सांता क्रूझला रिपब्लिकन अधिवेशन झालं तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोचा शहर-दादा एब रूफ आपले सगळे प्रतिनिधी घेऊन हजर होता. त्याने ते जेम्स जिलेट यांच्या पदरात टाकले आणि जिलेट उमेदवार झाले, मग गव्हर्नरही. त्या रात्रीच्या जेवणाचा एक फोटो आहे: रूफ मधोमध बसलेला, मागे उभ्या जिलेट यांचा हात रूफच्या खांद्यावर. तो फोटो पुढे ‘कॅलिफोर्नियाची लाज’ या नावाने गाजला. या मदतीसाठी रेल्वेकडून १४,००० डॉलर मिळाल्याचं रूफने नंतर स्वतःच सांगितलं.

तेव्हा भुसावळकर, यात वाढवून सांगितलेलं काही नाही. कंपनी मतपेट्या फोडत नव्हती. मतदार मतपेटीपर्यंत पोहोचायच्या आधीच ती आपलं काम उरकून घ्यायची.

हायरम जॉन्सन एकदम कुठून आले? आधी कुठलं पद होतं का त्यांच्याकडे? (पुण्याहून एक वकील)

निवडून यावं लागेल असं एकही पद त्यांनी भूषवलं नव्हतं. ते तुमच्याच व्यवसायातले, कोर्टात उलटतपासणी घेणारे वकील. त्यांचं नाव गाजलं ते एका खटल्यामुळे.

१९०६ च्या एप्रिलमध्ये भूकंप आणि आगीने सॅन फ्रान्सिस्को बेचिराख झालं. शहर उभं राहत असतानाच महापौर युजीन श्मिट्झ, वर सांगितलेला रूफ आणि नगरसेवक यांनी ट्राम, टेलिफोन, गॅस कंपन्यांकडून घेतलेल्या लाचा बाहेर आल्या. फ्रान्सिस हेनी नावाचे सरकारी वकील खटला चालवत होते. त्यांनी ज्युरीसाठी आलेल्या एका माणसाची जुनी शिक्षा भर कोर्टात उघड करून त्याला बाहेर काढलं होतं. १३ नोव्हेंबर १९०८ रोजी त्याच माणसाने कोर्टातच हेनींच्या डोक्यात गोळी झाडली. हेनी वाचले, पण खटला चालवण्याच्या स्थितीत नव्हते. त्या रिकाम्या जागी जॉन्सन उभे राहिले आणि महिन्याभरात ज्युरीने रूफला दोषी ठरवलं. शिक्षा झाली चौदा वर्षांची.

इकडे १९०७ पासून काही रिपब्लिकन संपादक आणि वकील ‘लिंकन-रूझवेल्ट लीग’ या नावाने एकत्र आले होते. लॉस एंजेलिसचे एडवर्ड डिक्सन आणि फ्रेस्नोचे चेस्टर रॉवेल हे दोन पत्रकार त्यातले पुढारी. त्यांनी पक्ष सोडला नाही, पक्षात राहून तो रेल्वेच्या हातून काढून घ्यायचं ठरवलं. त्यांच्या दडपणामुळे १९०९ च्या विधिमंडळाने थेट प्राथमिक निवडणुकीचा कायदा केला: यापुढे पक्षाचा उमेदवार अधिवेशन नव्हे, पक्षाचे नोंदलेले मतदार ठरवणार. आता फक्त उमेदवार हवा होता, आणि जॉन्सन तयार नव्हते. बरीच मनधरणी झाल्यावर ते उभे राहिले.

एक घरगुती बाब. जॉन्सन यांचे वडील ग्रोव्ह जॉन्सन हे रेल्वेच्या बाजूचे जुने राजकारणी, एके काळी काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, गेलेले. बापलेकांचं राजकारणावरून फार आधीच बिनसलं होतं. मुलगा ज्या यंत्रणेवर तुटून पडत होता, वडील तिच्याच आधाराने मोठे झाले होते.

तुम्ही या निवडणुकीला एवढं महत्त्व देता, पण डेमोक्रॅटिक उमेदवारही रेल्वेविरोधीच होता असं वाचलं. मग लढाई होती कुठे? (राज्यशास्त्राच्या प्राध्यापिका, सांगली)

बाई, नेमक्या जागी बोट ठेवलंत. मला या सदरात एकच गोष्ट ठासून सांगायची असेल, तर ती हीच आहे.

लढाई नोव्हेंबरात नव्हती, ऑगस्टात होती. १८९८ पासून गव्हर्नरपदाची प्रत्येक निवडणूक रिपब्लिकन पक्षाने जिंकली होती. म्हणजे रिपब्लिकन उमेदवारी ज्याच्या हातात, राज्य बहुधा त्याच्या हातात. १६ ऑगस्ट १९१० रोजी राज्यात पहिल्यांदाच थेट प्राथमिक निवडणूक झाली. जॉन्सन यांच्यासमोर चार जण होते आणि जुन्या मंडळींची मतं त्यांच्यात विभागली गेली. जॉन्सन यांनी एक लाखाच्या आसपास मतं घेतली आणि दुसऱ्या क्रमांकावरच्या चार्ल्स करी यांना फार मागे टाकलं. सांता क्रूझच्या त्या जेवणाच्या टेबलावर जे ठरायचं, ते चार वर्षांत लाखो मतदारांच्या हातात आलं. अधिवेशन झालं असतं तर जॉन्सन यांचं नाव पहिल्या फेरीतच बाद झालं असतं याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

प्रचाराची पद्धतही त्याला साजेशी होती. ज्या कंपनीशी भांडायचं तिच्याच गाडीत बसायचं नाही, म्हणून जॉन्सन लाल रंगाच्या उघड्या मोटारीतून राज्यभर फिरले. चालक त्यांचा मुलगा. १९१० सालचे रस्ते, धुळीने माखलेले कपडे, आणि ज्या गावात पूर्वी कुणी उमेदवार उतरला नाही तिथेही सभा. गावात शिरताना घंटा वाजवायची, लोक जमले की मोटारीवर उभं राहून बोलायचं. भाषण जवळपास सगळीकडे एकच: सदर्न पॅसिफिकला राजकारणातून हाकलून द्या. वैचारिक मांडणी अशी काही नाही. संतापी, कडक, समोरच्याची सालं काढणारा वक्ता. लॉस एंजेलिस टाइम्सचे मालक हॅरिसन ग्रे ओटिस यांच्यावर त्यांनी भर सभेत जी आग पाखडली, ती आजही तिथल्या राजकीय वक्तृत्वाचा नमुना म्हणून सांगितली जाते. मला ती ऐकवत नाही, इतकी ती वैयक्तिक आहे.

नोव्हेंबरात समोर होते नापाचे थिओडोर बेल. माजी काँग्रेस सदस्य, प्रामाणिक, रेल्वेचे जुने विरोधक. १९०६ मध्ये ते जिलेट यांच्याकडून थोडक्यात हरले होते. त्यांच्या दृष्टीने हा अन्यायच होता: वर्षानुवर्षं जे तेच बोलत आले, ते आता दुसरा बोलत होता आणि त्याच्यामागे मोठा पक्ष होता. निकाल असा लागला: जॉन्सन १,७७,१९१, बेल १,५४,८३५, आणि समाजवादी उमेदवार जे. स्टिट विल्सन ४७,८१९. जॉन्सन यांना निम्मीही मतं मिळाली नाहीत, टक्केवारी ४५.९.

समाजवाद्याला बारा टक्क्यांहून अधिक मतं मिळाली हे विद्यार्थ्यांना जरूर सांगा. त्या वर्षी लॉस एंजेलिसमध्ये कामगार आणि मालक यांच्यात उघड संघर्ष होता. १ ऑक्टोबरला, प्रचार ऐन भरात असताना, टाइम्सच्या इमारतीत स्फोट होऊन एकवीस माणसं मेली. शहरातल्या कामगारांना जॉन्सन यांच्या रेल्वेविरोधात आपलं सगळं दुःख दिसत नव्हतं. पुढे त्यांच्या सरकारने स्त्री कामगारांना आठ तासांचा दिवस आणि कामावर जखमी होणाऱ्यांना भरपाई असे कायदे केले, त्यामागे या मतांचा धाक होता असं मी मानतो.

जिंकल्यावर रेल्वेचं खरंच काही वाकडं झालं का? (जळगावचे केळी उत्पादक)

झालं, आणि लवकर झालं. त्याच लाटेत जॉन एश्लेमन हे तरुण वकील रेल्वे आयोगावर निवडून आले होते. १९११ मध्ये कायदा करून आयोगाला भाडी ठरवण्याचे खरे अधिकार दिले गेले, आणि पुढे गॅस, वीज, टेलिफोन याही सेवा त्याच्याखाली आल्या. आजचा कॅलिफोर्नियाचा सार्वजनिक सेवा आयोग म्हणजे त्याचंच बदललेलं नाव. कंपनी बुडाली नाही, चांगली चालली. फक्त उमेदवार ठरवायचं तिचं दुकान बंद झालं.

लोकांनी लोकांचा नेता निवडला म्हणता. बायकांना मत होतं का? (गृहिणी, कोल्हापूर)

१९१० मध्ये नव्हतं. वरची सगळी मतं पुरुषांची आहेत. चीनमध्ये जन्मलेल्या माणसाला तर मताधिकार नाही असं राज्यघटनेतच लिहिलेलं होतं.

पण जॉन्सन यांच्या विधिमंडळाने स्त्रियांच्या मताधिकाराची घटनादुरुस्ती १० ऑक्टोबर १९११ च्या विशेष मतदानाला ठेवली. जॉन्सन स्वतः या विषयावर गप्प राहिले, आणि याचं श्रेय त्यांना देऊ नये. काम केलं ते स्त्रियांनी: खेड्यापाड्यांत मोटारी नेल्या, भिंतीवर पत्रकं, कारखान्यांच्या दारात सभा. सॅन फ्रान्सिस्कोने दुरुस्ती फेटाळली आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी ती हरली असंच धरलं. मग ग्रामीण भागातले निकाल येत गेले. शेवटी ती ३,५८७ मतांनी मंजूर झाली. १९१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेल्या टाय लियुंग या चिनी वंशाच्या तरुणीने मत दिलं. अमेरिकेत मत देणारी चिनी वंशाची पहिली स्त्री म्हणून तिचं नाव घेतलं जातं.

निवडून दिलेला माणूस परत बोलावता येतो तो कायदा याच जॉन्सनचा ना? आपल्याकडे का नको तो? (सामाजिक कार्यकर्ते, नाशिक)

राज्यासाठी तो जॉन्सन यांनी आणला, पण कल्पना त्यांची नव्हती. लॉस एंजेलिसमधले डॉक्टर जॉन रँडॉल्फ हेन्स यांच्या चिकाटीमुळे त्या शहराने १९०३ मध्येच आपल्या सनदेत परत बोलावण्याचं कलम घातलं होतं, आणि १९०४ मध्ये एका नगरसेवकाला घरी पाठवलंही होतं. १९११ च्या त्याच १० ऑक्टोबरला राज्यातल्या मतदारांनी तीन हत्यारं मंजूर करून घेतली: सह्या गोळा करून स्वतः कायदा मांडणं, विधिमंडळाचा कायदा मतदानाने अडवणं, आणि पदाधिकाऱ्याला परत बोलावणं. यात न्यायाधीशही आले. हा मुद्दा तेव्हा किती तापला होता पाहा: त्याच वर्षी ॲरिझोनाच्या प्रस्तावित घटनेत न्यायाधीशांना परत बोलावण्याचं कलम होतं म्हणून राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांनी ॲरिझोनाला राज्याचा दर्जा देणारा ठराव नाकारला. ॲरिझोनाने कलम काढलं, राज्य झालं आणि लगेच ते कलम परत घातलं.

आता आपल्याकडे हवं की नको. मी उत्तर टाळणार नाही: आमदार-खासदारांसाठी मी याच्या बाजूने नाही, आणि कारण कॅलिफोर्नियातच आहे. गव्हर्नरला परत बोलावण्यासाठी मागच्या निवडणुकीतल्या मतांच्या १२ टक्के इतक्या सह्या लागतात. १९११ मध्ये तेवढ्या सह्यांसाठी संतापलेले स्वयंसेवक लागत. २००३ मध्ये पैसे देऊन सह्या गोळा करणारे लोक लागले. त्या वर्षी एका श्रीमंत काँग्रेस सदस्याने मोहिमेत स्वतःचे दहा लाखांहून अधिक डॉलर घातले. अकरा महिन्यांपूर्वीच पुन्हा निवडून आलेले ग्रे डेव्हिस पायउतार झाले आणि त्यांच्या जागेसाठीच्या मतपत्रिकेवर १३५ नावं होती. जिंकले अभिनेते अर्नोल्ड श्वार्झनेगर. २०२१ मध्ये गॅव्हिन न्यूसम यांच्यावर तीच वेळ आली, पण सुमारे ६२ टक्के मतदारांनी त्यांना ठेवलं.

लोकांनी मांडायच्या कायद्यांचंही तसंच. २०२० मध्ये ॲपवरून गाड्या पुरवणाऱ्या कंपन्यांनी, आपल्या चालकांना कर्मचारी मानावं लागू नये म्हणून, एका प्रस्तावावर वीस कोटींहून जास्त डॉलर खर्च केले आणि जिंकल्या. कंपनीच्या पैशाला बाहेर ठेवण्यासाठी केलेल्या दारातून कंपनीचा पैसा आत आला. जॉन्सन यांनी १९११ च्या जानेवारीत पदाची शपथ घेताना ही साधनं म्हणजे सगळ्या रोगांवरचं औषध नाही असं स्वतःच सांगितलं होतं, हे त्यांच्या चाहत्यांनी विसरू नये.

प्राथमिक निवडणुकीचं मात्र मी मनापासून समर्थन करीन. आपल्याकडे तिकीट कुठे आणि कुणाच्या बंगल्यावर ठरतं हे तुम्हाला मी सांगायला नको. आधी तो दरवाजा उघडू या.

फ्रीमॉन्टला वीस वर्षं आहोत. जॉन्सन यांच्या काळात आपले लोक इथे होते का, आणि त्यांना या सुधारणांचं काय मिळालं? (एक मराठी कुटुंब, कॅलिफोर्निया)

होते. बहुतेक पंजाबी, शेतात आणि लाकडाच्या गिरण्यांत काम करणारे, आणि थोडे विद्यार्थी. त्या विद्यार्थ्यांत मूळचे वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे होते. १९१३ मध्ये भारताच्या स्वातंत्र्यासाठी गदर चळवळ उभी राहिली तेव्हा खानखोजे तिच्या पहिल्या फळीत होते. तिचं मुख्यालय सॅन फ्रान्सिस्कोत होतं. तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णू गणेश पिंगळे अमेरिकेत त्याच चळवळीत सामील झाले, परत आले आणि नोव्हेंबर १९१५ मध्ये लाहोरला फाशी गेले.

सुधारणांचं काय मिळालं, याचं उत्तर कडू आहे. १९ मे १९१३ रोजी जॉन्सन यांनी परकीय जमीन कायद्यावर सही केली. नागरिक होण्यास जे अपात्र, त्यांना शेतजमीन विकत घेता येणार नाही आणि तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीच्या खंडानेही घेता येणार नाही. रोख जपानी शेतकऱ्यांवर होता. राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी परराष्ट्रमंत्री ब्रायन यांना खुद्द राज्याच्या राजधानीत, सॅक्रामेंटोला, धाडलं, पण जॉन्सन बधले नाहीत. १९२० मध्ये तो कायदा आणखी आवळला गेला, आणि तोही विधिमंडळाकडून नव्हे, तर जॉन्सन यांनीच आणलेल्या लोकांच्या प्रस्तावातून, मोठ्या बहुमताने. १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात भारतीय माणूस कायद्याच्या अर्थाने ‘गोरा’ नाही, म्हणून नागरिक होण्यास अपात्र, असं ठरवलं आणि तोच कायदा इंपीरियल खोऱ्यातल्या भारतीय शेतकऱ्यांच्या जमिनींवर आला. जॉन्सन यांच्याविषयी मला आदर आहे, पण या सहीपाशी तो अडखळतो. रेल्वेविरुद्ध ज्या शेतकऱ्यांच्या बाजूने ते लढले, त्या शेतकऱ्यांत त्यांनी या माणसांना कधी धरलंच नाही.

तुम्ही विचारलंत म्हणून पुढचंही सांगतो. तो कायदा पुस्तकातून रद्द झाला नोव्हेंबर १९५६ मध्ये, पुन्हा लोकांच्याच मतदानाने. त्याच दिवशी, त्याच मतपत्रिकेवर, इंपीरियल खोऱ्याचा समावेश असलेल्या मतदारसंघातून दलीपसिंग सौंद काँग्रेसवर निवडून आले. अमेरिकन काँग्रेसमधले ते पहिले आशियाई सदस्य. वीसच्या दशकात ते त्या खोऱ्यात शेती करायला गेले, तेव्हा त्यांना स्वतःच्या नावावर एक एकरही घेता येत नव्हता.